मालक हजर आहेत काय?

गिरगावात जन्मलेल्या मनुष्याचे मालकीहक्काविषयीचे ज्ञान बहुधा ऐकीव असते. त्याच्या आजोबांनी कोणे एके काळी पागडीची रक्कम रोख मोजून दोन खोल्यांचा ताबा घेतलेला असतो, त्या खोल्यांत तीन पिढ्यांच्या मुंजी, विवाह, बाळंतपणे आणि तंटे यथासांग पार पडलेले असतात, भिंतींचा गिलावा आणि मोरीची फरशी त्याने स्वखर्चाने घातलेली असते; आणि इतके सगळे होऊनही भाड्याच्या पावतीवर त्याचे नाव ‘भाडेकरू’ म्हणून आणि ज्याने त्या खोलीचा उंबरठाही ओलांडलेला नाही अशा कोणा गृहस्थाचे नाव ‘मालक’ म्हणून छापलेले असते. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले, तेव्हा मालकाचा इमारतीतील रस आटला. आणि १९९९ सालच्या कायद्याने तोवर टेबलाखालून दिली-घेतली जाणारी पागडी विधिसंमत केली, तेव्हा तो रस पुनश्च पाझरू लागला. खोली दुसऱ्याच्या नावे करावयाची, तर मालकाची संमती आणि त्या संमतीचे मोल, ही दोन्ही आजही चुकत नाहीत.

हीच व्यवस्था, तिच्या सर्व बारकाव्यांसह, आधुनिक लॅपटॉपाच्या पोटात शाबूत आहे, हे आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या यंत्राने सिद्ध केले.

ते यंत्र एका देणगीदाराने मंडळास अर्पण केलेले असून, त्याच्या झाकणावर दात्याच्या दिवंगत तीर्थरूपांचे नाव कोरलेली पितळी पट्टी बसविलेली आहे. वर्गणीचा जमाखर्च, पावत्या आणि महाप्रसादाची यादी एवढाच कारभार त्यावर चाले, आणि तो बिनतक्रार चाले. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा असावा अशी अट असून आमचा सातव्या पिढीचा निघाला. आणि प्रकृती ठणठणीत असलेल्या कारकुनाला वयाच्या दाखल्यावरून घरी बसवावे, तसे त्या यंत्राला बसविण्याची पाळी आली. तेव्हा लालबागला राहणारा आणि माटुंग्याच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत शिकणारा माझा भाचा कार्यकारिणीपुढे उभा राहिला, आणि लिनक्स नावाची प्रणाली १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केली, जगभरच्या लोकांनी ती वाढवली, ती मराठीतही चालते, तीत उघडून पाहता येणार नाही असे काही नाही, इत्यादी गोष्टी त्याने विस्ताराने निवेदन केल्या. त्या निवेदनाकडे कोणाचेही विशेष लक्ष नव्हते. मात्र शेवटी ओघात ‘फुकट’ हा शब्द उच्चारला गेला आणि ठराव एकमताने संमत झाला. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीने १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाचा पायंडा पाडला, त्या गिरगावाने हेही एक पाऊल पुढे टाकावे, असे अध्यक्षांनी समारोपात सांगितले.

प्रणाली पेन-ड्राइव्हवर भरून आणण्याची कामगिरी एका उत्साही कार्यकर्त्याने आपणहून पत्करली. गिरगावकराला यंत्रासंबंधी काहीही अडले की त्याचे पाय आपसूक लॅमिंग्टन रोडकडे वळतात. या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव देऊन अनेक वर्षे लोटली, तरी मुंबईच्या एका ब्रिटिश गव्हर्नराचे नाव दुकानदारांच्या आणि गिऱ्हाइकांच्या तोंडून काही जात नाही. तेथून आलेला पेन-ड्राइव्ह यंत्राला लावून आम्ही सारे भोवती उभे राहिलो, तो पडद्यावर तांबड्या चौकटीत अशा अर्थाचा हुकूम उमटला की, अवैध स्वाक्षरी आढळली आहे, सुरक्षा-धोरण तपासावे. कोणाची स्वाक्षरी, कशावर आणि अवैध का, याचा काहीही खुलासा त्यात नव्हता. खाली केवळ ‘ठीक आहे’ एवढेच बटण होते. आणि काहीही ठीक नसताना ते दाबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

येथे थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. लॅपटॉपाचे बटण दाबल्यापासून विंडोज जागे होईपर्यंतच्या क्षणांत यंत्राचा कारभार मुख्य फळ्यावरील एका लहानशा आज्ञावलीकडे असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली जुनी बायोस ही भोळी होती. डिस्कच्या आरंभी जे काही सापडेल ते ती निमूटपणे चालू करून देई. तिच्या भोळेपणाचा गैरफायदा घेणारे, म्हणजे विंडोजच्याही आधी जागे होऊन सर्व पहारे निकामी करणारे प्रोग्रॅम निघाले, म्हणून तिच्या जागी आलेल्या यूईएफआयमध्ये सिक्युअर बूट नावाचा बंदोबस्त करण्यात आला. २०१२ साली विंडोज ८ निघाले, तेव्हा ज्या यंत्रावर विंडोजचे अधिकृत बोधचिन्ह लावावयाचे त्यावर हा बंदोबस्त चालू असलाच पाहिजे, असे मायक्रोसॉफ्टने ठरवले; आणि एका रात्रीत म्हणावे तसे जगातील बहुतेक लॅपटॉप सोवळे झाले.

या बंदोबस्ताची घडण मला भाच्याने कागदावर काढून दाखविली, आणि मी ती एका दृष्टिक्षेपात ओळखली. सर्वांत वर असते ‘प्लॅटफॉर्म की’, ही यंत्र बनविणाऱ्या कंपनीची, हा मालक. त्याच्याखाली ‘की एक्स्चेंज की’, ही कंपनीची आणि मायक्रोसॉफ्टची. हा मालकाचा कुलमुखत्यार, जो प्रत्यक्ष कारभार पाहतो. त्याच्या हाती दोन याद्या: एकीत ज्यांना आत प्रवेश आहे अशांच्या सह्या, दुसरीत ज्यांना कायमचे हद्दपार केले आहे अशांच्या. आणि ज्याने दुकानात उभे राहून सर्व रक्कम मोजली, जीएसटीसह मोजली, त्याचे नाव या संपूर्ण कागदावर कोठेच नाही. तो भाडेकरू. पागडी भरली, ताबा मिळाला, वहिवाट सुरू झाली, एवढेच.

मग लिनक्सने अशा घरात शिरावे कसे? हा प्रश्न २०११ सालीच रेड हॅट कंपनीतील मॅथ्यू गॅरेट या अभियंत्याने जाहीरपणे उपस्थित केला, आणि पुढल्या वर्षी त्याचे जे उत्तर निघाले ते गिरगावातील कोणाही जाणत्या मनुष्यास सुचले असते. ‘शिम’ नावाचा एक अगदी छोटा प्रोग्रॅम तयार करावयाचा, त्यावर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी रीतसर मिळवावयाची, आणि त्या शिमने दारात उभे राहून मागून येणाऱ्या लिनक्सला आपल्या जबाबदारीवर आत घ्यावयाचे. याला आमच्याकडे पोटभाडेकरू म्हणतात. त्या काळी स्वाक्षरीच्या सोयीसाठी ९९ डॉलर पडत, तेही एकदाच, आणि ते मायक्रोसॉफ्टला नव्हे तर ओळख तपासणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीला जात. हा दर आमच्या मालकाच्या कानावर जाऊ नये अशी माझी मनोमन प्रार्थना आहे, कारण त्याचे दर निराळे आहेत, पण वाढवावयास निमित्त त्याला कोणतेही पुरते. उबुंटू, फेडोरा हे लिनक्सचे प्रकार गेली कित्येक वर्षे अशाच पोटभाड्याने सुखाने नांदत आहेत. डेबियन तत्त्वाचा पक्का, तो २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून आला.

तर आमच्या पेन-ड्राइव्हचा दोष हा होता की, त्यावरील आवृत्ती शिळी होती. २०२० च्या जुलैत लिनक्सच्या ग्रब या आरंभक-प्रोग्रॅमात ‘बूटहोल’ नावाचे भगदाड सापडले, आणि त्यानंतर जुन्या आरंभक-प्रोग्रॅमांची नावे हद्दपारीच्या यादीत चढू लागली. विंडोज अद्ययावत होताना ती यादी आमच्याही यंत्रात कोणाला न विचारता उतरली होती. नवी आवृत्ती आणली असती तर प्रकरण तेथेच मिटले असते, आणि भाचा तेच सांगत होता. परंतु तो वयाने लहान, आणि त्याचे म्हणणे साधे; चाळीच्या गॅलरीत साधा उपाय मान्य होण्याची परंपरा नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त मुकादमांनी सिक्युअर बूट समूळ बंद करण्याची सूचना मांडली, दुसऱ्या मजल्याने अनुमोदन दिले, आणि बहुमताने आम्ही यंत्राच्या अंतर्गृहात शिरावयास निघालो.

अंतर्गृहाचे दार एका विशिष्ट कळीने उघडते. ती कळ कोणती, हे प्रत्येक कंपनीने स्वतंत्रपणे ठरविले आहे. कोणाची एफ-२, कोणाची एफ-१०, कोणाची एस्केप, कोणाची डिलीट, आणि एका कंपनीच्या यंत्रात तर टाचणी खुपसावयाचे छिद्रच ठेवलेले असते. बटण दाबल्यानंतरच्या नेमक्या निमिषात ती कळ दाबावी लागते, आणि ‘फास्ट बूट’ नामक सुधारणेने ते निमिषही काढून घेतले आहे. अखेर आत गेल्यावर सिक्युअर बूटची ओळ सापडली, तीही करड्या रंगाची, म्हणजे दिसते पण हलत नाही अशी. भाच्याने सांगितले, “मामा, आधी सुपरवायझर पासवर्ड घालावा लागतो, मग ही ओळ जिवंत होते.” म्हणजे एक कुलूप काढण्यासाठी प्रथम दुसरे लावावे लागते. महसूल खात्याच्या दफ्तरात उभे आयुष्य काढलेल्या मला या तरतुदीत गैर असे काही दिसले नाही. उलट तिच्या रचनाकाराविषयी आदर वाटला.

पासवर्ड घातला, ओळ जिवंत झाली, सिक्युअर बूट बंद झाले, आणि गॅलरीत टाळ्या पडल्या. त्या टाळ्या थांबण्यापूर्वीच, जमाखर्चाची प्रत काढून घ्यावी म्हणून सुरू केलेल्या विंडोजने निळ्या पडद्यावर कळविले की, या यंत्राच्या व्यवस्थेत फेरफार झाल्याचे आढळल्याने डिस्क कुलूपबंद आहे, आणि ती उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली सादर करावी. डिस्क कुलूपबंद होती हे आजवर कोणास ठाऊक नव्हते, कारण बिटलॉकर नावाचे हे कुलूप यंत्र स्वतःच उघडून घेत असे. पहारेकऱ्यांत बदल झालेला दिसला की मात्र ते हटून बसते. किल्ली होती, पण ती, यंत्र प्रथम ज्याने सुरू केले त्याच्या खात्यात होती. म्हणजे देणगीदाराच्या चिरंजिवांच्या, आणि चिरंजीव आता दादरला. त्यांनी दूरध्वनीवरून सहा-सहा अंकांचे आठ गट सांगावयास प्रारंभ केला, आणि नेमके त्याच वेळी खाली चौकात ढोलपथकाचा सराव सुरू झाला. ‘सात’ की ‘साठ’, ‘पंचावन्न’ की ‘पंच्याऐंशी’ या वादांत एक संध्याकाळ खर्ची पडली. त्यात एकच गोष्ट हितावह ठरली: त्या किल्लीच्या प्रत्येक गटास अकराने निःशेष भाग जातो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर यंत्र त्या गटाशीच अडून बसते. हा गुणधर्म चाळीतील एका निवृत्त बँक-रोखपालांनी चालू कामकाजातच हुडकून काढला, आणि पुढचे गट यंत्रापूर्वी तेच नामंजूर करू लागले.

जमाखर्च वाचला. मग भाच्याचे म्हणणे ऐकण्याइतके सर्वजण थकलेले असल्याने ते ऐकले गेले: सिक्युअर बूट पुन्हा चालू झाले आणि उबुंटूची ताजी आवृत्ती आली. मध्येच यंत्राला स्वतःची डिस्कच दिसेनाशी झाली होती, पण तो दोष डिस्कच्या जोडणीची पद्धत इंटेलच्या ‘आरएसटी’वरून ‘एएचसीआय’वर आणताच गेला, त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. लिनक्स आत गेले. आता उरले वाय-फाय. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर बाहेरचा, त्याच्यावर कोणाचीच मान्य स्वाक्षरी नाही. म्हणून यंत्राने स्वतःच एक नवी किल्ली घडविली, तिच्यासाठी निदान आठ अक्षरांचा एक परवलीचा शब्द मागितला, आणि सांगितले की, पुढल्या प्रारंभी यंत्राच्या मालकाने समक्ष हजर राहून ही किल्ली दाखल करून घ्यावी. या किल्लीचे अधिकृत नावच ‘मशीन ओनर की’ असे आहे.

मालक! कार्यकारिणी अक्षरशः गोंधळली. पितळी पट्टीवर देणगीदाराच्या तीर्थरूपांचे नाव, पण ते दिवंगत. दान दिलेल्या वस्तूवर दात्याचा हक्क उरत नाही, असे रोखपालांचे मत. मंडळ नोंदणीकृत, पण त्याला हात नाहीत. अध्यक्षांनी खजिनदाराकडे पाहिले, खजिनदारांनी कार्यवाहाकडे. आणि क्रमाक्रमाने सर्वांच्या ध्यानात आले की, या संपूर्ण चाळीत, चारही मजले धरून, मालक म्हणून कोठेही सही करण्याचा अनुभव असलेला एकही मनुष्य नाही. मुकादम म्हणाले, “आपल्याकडे रसीद आहे. रसीद चालत असेल तर विचार.”

अखेर अध्यक्षांनी मालक म्हणून काम पाहावे असे ठरले, आणि परवलीच्या शब्दावर सविस्तर चर्चा झाली. तो शब्द दाखल करतेवेळी एकदाच लागतो, नंतर त्याचा काही उपयोग नसतो, हे भाचा मधूनमधून सांगत होता. तरीही तो गुप्त राहावा असा ठराव होऊन, ठरावासह तो इतिवृत्तात नोंदला गेला, आणि पुढल्या सभेत इतिवृत्त कायम करण्यासाठी मोठ्याने वाचलाही गेला. प्रत्यक्ष दाखल-विधीच्या वेळी निळा पडदा आला, त्यावर ‘कोणतीही कळ दाबा’ अशी सूचना आणि दहा सेकंदांची उतरती गणना. अध्यक्ष शाल सावरीत पुढे झाले, कोणी तरी नारळ पुढे केला, त्याच वेळी चहाचा ट्रे आत आला, आणि गणना शून्यावर येऊन यंत्र मालकाची वाट न पाहता पुढे निघून गेले. ही संधी हुकली की दरखास्त निकाली निघते आणि सगळे पुन्हा आरंभापासून करावे लागते. पुढच्या खेपेस अध्यक्षांना आधीपासून खुर्चीवर बसविले, त्यांचे बोट कळीवर ठेवले, आणि गिरगावातील एका भाडेकरूने आयुष्यात प्रथमच मालक या नात्याने एक कागद मंजूर केला.

याच सुमारास भाच्याने सहज म्हणून सांगितले की, मनात आणले तर प्लॅटफॉर्म कीसुद्धा पुसून स्वतःची बसविता येते, पुष्कळ यंत्रांत तशी सोय आहे. म्हणजे मूळ मालकालाच काढता येते! सभेत जी शांतता पसरली ती मी भाडेवाढीच्या नोटिशीनंतरही अनुभवलेली नाही. परंतु त्यात एक मेख असते: काही यंत्रांत पडदा उजळविणाऱ्या भागाची आज्ञावलीही मायक्रोसॉफ्टच्याच सहीने चालते, ती सही काढली तर पडदाच लागत नाही आणि यंत्र निकामी होण्याचे भय असते. मुकादमांनी एकच प्रश्न विचारला, “मालक गेला तर पाण्याचा पंप कोण चालू करणार?” आणि प्रस्ताव तहकूब झाला.

या बंदोबस्ताची थट्टा करताना तो निरर्थक आहे असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. ‘ब्लॅकलोटस’ नावाचा प्रोग्रॅम २०२३ साली सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रातही शिरताना पकडला गेला. म्हणजे चोर काल्पनिक नाहीत. माझा आक्षेप मालकांच्या दक्षतेवर आहे. २०२४ च्या जुलैत बायनार्ली या संस्थेने उघडकीस आणले की, दोनशेहून अधिक मॉडेलांत प्लॅटफॉर्म की म्हणून बसविलेली किल्ली ही केवळ चाचणीसाठी दिलेला नमुना होती, आणि तिच्या नावातच इंग्रजीत ‘विश्वास ठेवू नये’ असे स्वच्छ लिहिलेले होते. कंपन्यांनी ते न वाचता तीच किल्ली यंत्रांत बसवून यंत्रे बाजारात पाठविली. आणि अशा यंत्रांनी मग आमच्यासारख्यांच्या स्वाक्षऱ्या अवैध ठरवाव्यात! त्याच वर्षी ऑगस्टात विंडोजच्या एका दुरुस्तीने विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी नांदणाऱ्या पुष्कळ यंत्रांतील लिनक्सला दाराबाहेर काढले, आणि पडद्यावर ‘काहीतरी फार गंभीर बिघडले आहे’ अशा अर्थाचे वाक्य झळकले. या सर्व प्रकरणात मला हे एकच वाक्य प्रांजळ वाटले.

आणि आता मुदतीचा प्रश्न. लिनक्सच्या शिमवर ज्या दाखल्याने मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी होत आली, तो २०११ सालचा दाखला जून २०२६ पर्यंतचाच. विंडोजचा स्वतःचा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरापर्यंतचा. जुनी शिमे त्या दिवशी बंद पडतात असे नव्हे, परंतु नव्या शिमांवर २०२३ सालच्या नव्या दाखल्याने सही होते, आणि तो दाखला जुन्या यंत्रात आपोआप असतोच असे नाही. तेव्हा ज्यांच्या घरी असे जुने, धडधाकट यंत्र आहे आणि त्यावर लिनक्स घालण्याचा बेत आहे, त्यांनी कंपनीने फर्मवेअरची, म्हणजे मुख्य फळ्यावरील त्या आज्ञावलीची, नवी आवृत्ती काढली असल्यास ती आधी बसवून घ्यावी. प्रणाली कोणा दुकानातून नव्हे तर तिच्या अधिकृत ठिकाणाहून ताजी उतरवून घ्यावी. कोणत्याही कळीला हात लावण्यापूर्वी ते ४८ अंक कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पेटीत ठेवावेत. आणि निळा पडदा आला असता, दहा सेकंद संपेतोवर चहा घेऊन कोणासही आत येऊ देऊ नये.